११ हजारांचा सॉकेट आणि उतरलेला पंचम

प्रश्न : गेल्या दिवाळीत ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि दोन उभे स्पीकर घेतले. घर १९८८ सालचं, वायरिंगही तेव्हाचंच. रेकॉर्डवर सुई टेकायच्या आधीच स्पीकरमधून बारीक घरघर येते. नुसता तंबोरा वाजत असतो तेव्हा ती फार बोचते. दुकानदाराने ऱ्होडियमचा मुलामा दिलेला परदेशी सॉकेट सुचवलाय, किंमत ११ हजार. ‘वीज शुद्ध होईल, आवाज मोकळा होईल,’ म्हणतो. मुलगा म्हणतो, बाबा, फसू नका. काय करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : मुलाचं ऐका. पण तुमचे कानही खोटं सांगत नाहीयेत. तंबोऱ्यांच्या गावचे तुम्ही, तेव्हा तुमच्याच भाषेत सांगतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते. ॲम्प्लिफायरच्या पोटात तिची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज होताना १०० आवर्तनांचा सूर मागे राहू शकतो. हा १०० चा सूर हार्मोनियमच्या पांढरी पाच आणि काळी चार या पट्ट्यांच्यामध्ये कुठेतरी पडतो. तंबोरा काळी एकला लावला असेल तर त्याचा पंचम काळी चारला येतो आणि घरघर त्याच्या अर्ध्या पट्टीहून जास्त खाली. थोडक्यात, तुमच्या खोलीत कुणीतरी उतरलेला पंचम धरून बसलंय. घरघर ५० ची असली तरी सूर तोच, एक सप्तक खाली. बोचणार नाही तर काय!

आता हा माणूस सॉकेटात बसलाय का, ते बघू. ॲम्प्लिफायर बंद करा, मागच्या सगळ्या वायरी काढा, फक्त स्पीकर आणि वीज ठेवा. पुन्हा चालू करा. घरघर गेली? मग ती बाहेरून येत होती. आता एकेक वायर जोडत जा, दर वेळी आधी बंद करून. रेकॉर्ड प्लेअर जोडल्याबरोबर परतली, तर त्याच्यासोबत आलेली ती बारीक, टोकाला फाटा असलेली वायर शोधा. ॲम्प्लिफायरच्या मागे ‘जीएनडी’ (ग्राउंड) लिहिलेला एक स्क्रू असतो, ती तिथे आवळायची असते. माझ्याकडे ‘नवीन सेट घुमतो’ म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारी त्या एका स्क्रूवर मिटल्या. पैसे काय मागणार? चहा घेऊन परत यायचो.

माझ्या स्वतःच्या घरी मात्र तीन आठवडे गेले. टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरला जोडला होता. सॉकेट बदलला, प्लग बदलला, बायकोच्या मिक्सरवर आळ घेतला. शेवटी टीव्हीमागची केबलवाल्याची वायर उपटली आणि घर एकदम गप्प झालं. त्या वायरीची जाळी दुसऱ्याच कुठल्यातरी इमारतीत जमिनीला टेकलेली, माझं अर्थिंग इकडे. दोन अर्थिंगांमध्ये फरक पडला की मधल्या वायरींतून प्रवाह फिरतो आणि स्पीकर तो इमानाने वाजवतो. तुमच्याकडेही रेकॉर्ड प्लेअर एका भिंतीवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या, असं असेल तर सगळी मंडळी एकाच बोर्डावर आणा. सगळं मिळून एक ॲम्पिअरसुद्धा ओढणार नाही, ६ ॲम्पिअरचा एक पॉइंट भरपूर होतो. फक्त एक्स्टेंशन बोर्ड नीट बघून घ्या. बाजारात वरती तीन भोकं आणि खाली दोनच पिनांचा प्लग, असले नग सर्रास मिळतात. त्यातलं तिसरं भोक नुसतं शोभेचं.

एक गोष्ट कधीही करू नका. घरघर जाते म्हणून तिसरी पिन कापणारे ‘जाणकार’ मी पाहिलेत. धातूच्या पेटीचा ॲम्प्लिफायर अर्थिंगशिवाय चालवला आणि आत फेज सुटली, तर हात लावणाऱ्याचं काय होईल ते लिहायला नको.

१९८८ चं वायरिंग म्हटल्यावर माझा खरा संशय अर्थिंगवरच आहे. ॲम्प्लिफायरच्या पेटीला हाताची मागची बाजू लावली की झिणझिण्या येतात का? टेस्टर मंद पेटतो का? मग तिथे अर्थिंग पोचतच नाहीये. बऱ्याच उपकरणांत विजेच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पेटीला, दुसरा न्यूट्रलकडून. अर्थिंग तुटलं की पेटी दोघांच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. प्रवाह अगदी थोडा असतो, पण घरघरीला तेवढा पुरतो. वायरमनला बोलवा. मीटरवर फेज आणि अर्थिंगमध्ये २३० च्या जवळपास दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये एखाद-दोन व्होल्ट. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल तर त्यात पाणी घाला. एप्रिल-मेमध्ये तर घालाच.

आता तुमचा सॉकेट. असले महागडे सॉकेट बहुतेक अमेरिकन धर्तीचे, चपट्या पिनांचे असतात. त्यांच्यावर १२५ व्होल्ट लिहिलेलं असतं, तुमच्या भिंतीत २३० आहेत. आपला गोल पिनांचा प्लग त्यात शिरणारही नाही. म्हणजे ११ हजार देऊन झाले की प्लग बदलायचे, आणि घरात धोका आणायचा तो वेगळाच. शिवाय ऱ्होडियम तांब्यापेक्षा वीज कमी चांगली वाहून नेतं. ते झिजत नाही, गंजत नाही, म्हणून त्याचा मुलामा देतात.

थोडं गणित करू. बोर्डापासून तुमच्या खोलीपर्यंत १५ मीटर अंतर आणि दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर धरा. जाऊन-येऊन ३० मीटर झाले, त्यांचा रोध साधारण ०.३६ ओहम. धड सॉकेटचा रोध ओहमच्या काही हजारांशाइतका. ११ हजारांत तुम्ही तेवढाच बदलणार, ती जुनी वायर, बाहेरचा खांब, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर सगळे जागच्या जागीच. मीही एकदा हौस केली होती. एका गिऱ्हाइकाने आणलेला सोनेरी सॉकेट आणि आपला साधा, दोन्ही शेजारी-शेजारी बसवले. मी पाठ करून बसलो, बायको प्लग बदलत होती. दहापैकी पाच वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

मग सॉकेट बदलून आवाज सुधारला म्हणणारे सगळे खोटारडे का? नाही. जुन्या सॉकेटातली पितळी पकड सैल होते, काळी पडते, आत बारीक ठिणग्या उडतात. त्याचा खरखराट स्पीकरमध्ये येतो. अशा ठिकाणी नवा कुठलाही सॉकेट लावा, आवाज सुधारणारच. म्हणून घ्यायचा तो आयएसआय मार्कचा, शटर असलेला, निव्वळ ६ ॲम्पिअरचा, दीडशे-दोनशे रुपयांचा. ६ ची पिन सुमारे ५ मिलिमीटर जाड, १६ ची ७. दोन्ही घेणाऱ्या एकत्र सॉकेटात बारीक पिन बऱ्याचदा डुलते. सगळ्या देशांचे प्लग घेणारा ‘युनिव्हर्सल’ तर नकोच, सर्वांना घेणारा कुणालाच घट्ट धरत नाही. प्लग ओढताना जोर लागला पाहिजे, आणि दोन तास रेकॉर्ड ऐकल्यावर प्लग गार लागला पाहिजे. उरलेल्या पैशांत वायरमनकडून डीबीपासून, म्हणजे घराच्या मुख्य बोर्डापासून, अडीच चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन ओढून घ्या, तिच्यात अर्थिंगची हिरवी वायर विसरू देऊ नका. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर त्या लाइनवर नको.

प्रश्न : वीज गेली की इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायर नुसता गुरगुरतो. बिघडलाय का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : तो नाही, इन्व्हर्टर स्वस्तातला आहे. त्याच्या स्क्वेअर वेव्हवर, म्हणजे चौकोनी लहरींच्या विजेवर, ट्रान्सफॉर्मर कुरकुरतोच. घरच्या विजेसारख्या गोलसर लहरींचा, साइन वेव्हचा घ्या, नाहीतर लाइट येईपर्यंत गप्पा मारा.

प्रश्न : जावई न्यू जर्सीहून जुना रेकॉर्ड प्लेअर आणतायत. प्लगला ॲडॅप्टर लावला की झालं ना? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ॲडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. तिकडे १२० व्होल्ट, इकडे २३०, तसाच लावलात तर धूर निघेल. व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. पण त्यानेही ६० आवर्तनांची ५० होणार नाहीत. मोटर थेट विजेवर चालणारी जुन्या पद्धतीची असेल तर ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड जेमतेम २८ फेऱ्यांनी फिरेल. सूर तीन पट्ट्या खाली, काळी पाचला गाणाऱ्या बाई पांढरी पाचला येतील. बेल्टवरच्या काही मॉडेलांना ५० साठी वेगळी पुली मिळते. जावयांना निघण्याआधीच ती शोधायला सांगा.