टायरची आतली कड का तापते?

प्रश्न : रेसिंग गेममध्ये मागच्या चाकांवर चालणारी गाडी वापरतो. एकाचं सेटिंग जसंच्या तसं उतरवून घेतलं : पुढे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव, अंशांत) -4.0, मागे -3.0, मागच्या चाकांना 0.3 अंश टो-आउट. आता सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक मारला की शेपूट हलतं, कधी गाडी गर्रकन फिरते. थांबायलाही वेळ लागतो. लांब वळणातून बाहेर पडताना पुढच्या बाहेरच्या टायरचं तापमान : आतली कड 108, मध्य 95, बाहेरची कड 79. काय बदलू?

उत्तर : आधी तो मागचा टो-आउट काढा. उभे राहून आपल्याच पावलांकडे बघा. अंगठे एकमेकांकडे वळवले की टो-इन, फाकवले की टो-आउट. ब्रेक मारल्यावर वजन पुढे जातं, मागची पकड तशीच कमी होते, त्यात फाकलेली चाकं आपापल्या दिशेला ओढतात. मग शेपूट हलणार नाही तर काय! मागे 0.1 टो-इन द्या. चिन्ह मात्र तपासून घ्या. काही गेममध्ये वजा म्हणजे आत, काहींत बाहेर. मी एकदा याच चिन्हापायी आठवडाभर सस्पेन्शन आणि डिफरेन्शियल उसवत बसलो होतो.

आता कॅम्बर. वळणात गाडी बाहेर कलते आणि बाहेरचं टायर आपल्या बाहेरच्या कडेवर जायला लागतं. तेव्हा ते सपाट टेकावं म्हणून वरची बाजू आधीच आत झुकवायची, एवढाच वजा कॅम्बरचा उद्देश. तुमच्याकडे वळणानंतरही दोन कडांच्या तापमानात 29 अंशांचा फरक आहे, म्हणजे झुकाव फारच झाला. सरळ ब्रेक मारताना तर जेमतेम आतली कडच काम करते. गाडी उशिरा थांबते ती त्यामुळे. फोटोत चार अंश झकास दिसतात, हे मान्य.

पुढे -2.5, मागे -1.5 पासून सुरुवात करा. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा पाच-दहा अंश गरम राहिली की पुरे.

कॅस्टरकडे, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याच्या मागे झुकण्याकडे, तुम्ही बघितलेलंच दिसत नाही. गेममध्ये सोय असेल तर तो थोडा वाढवा. स्टिअरिंग वळवलं की कॅस्टरमुळे बाहेरच्या चाकाला आपोआप जादा वजा कॅम्बर मिळतो, आणि सरळ जाताना चाक पुन्हा बरंचसं उभं होतं. वळणातला फायदा मिळतो, ब्रेकिंगमध्ये त्याची किंमत मोजावी लागत नाही. स्टिअरिंग व्हील वापरत असाल तर हाताला थोडं जड लागेल.

हे सगळं एका दमात बदलू नका. आज फक्त टो, तेवढंच इंधन, तेच टायर, पाच फेऱ्या. शेपूट शांत झालं की मग कॅम्बर. त्यानंतरही हेअरपिनला, म्हणजे जवळजवळ उलट फिरवणाऱ्या तीव्र वळणाला, नाक आत यायला आळस करत असेल, तर पुढच्या चाकांना 0.1 टो-आउट देऊन बघा, मागच्यांना नको.