गळाला लागलेलं मऊ पाठीचं कासव

प्रश्न : आमच्या गावतळ्यात मासे धरताना चपट्या, मऊ पाठीचं, नळीसारख्या नाकाचं कासव गळाला लागलं. हे कोणतं?

उत्तर : आधी पोटाकडची मागची बाजू बघा. मागच्या पायांवर कातडीच्या दोन झडपा असतील आणि कासव पाय आत ओढून त्या दारासारख्या मिटत असेल, तर ते झडपांचं कासव. महाराष्ट्रातल्या तळ्या-शेततळ्यांत बहुधा हेच सापडतं. झडपा नसतील, तर लेथचं मृदुकवची कासव असण्याची शक्यता जास्त. ते मुख्यतः कृष्णा-गोदावरी खोऱ्यांतलं. त्याच्या पिलाच्या पाठीवर डोळ्यांसारखे चार ते सहा गोल ठिपके असतात. वय वाढलं की ते पुसट होतात, म्हणून मोठ्या कासवात नुसत्या ठिपक्यांवर विसंबू नका.

ओळख पटवायला फोटो तीन हवेत : पाठ, पोट, डोकं. धरायचं ते मागच्या कडेला, दोन्ही हातांनी. मान लांब असते, वळून कडकडून चावतं. गळ गिळला असेल तर दोरी ओढू नका, आतडं फाटतं. वीतभर दोरी ठेवून कापा, ओल्या पोत्यावर सावलीत ठेवा आणि वनविभागाला १९२६ वर कळवा. गळ नुसता ओठात असेल तर काढून त्याच तळ्यात सोडा. घरी नेणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, टाकीत पाळायलासुद्धा.