एजंट नाही, राहायला नाशिकला. पटकथा निर्मात्यांपर्यंत कशी पोहोचवू?

तुम्ही लिहिलंय की सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळून, तीन वर्षं खपून मराठी सिनेमाची पटकथा पूर्ण केलीत. ओळख कुणाची नाही, एजंटशिवाय निर्मितीसंस्था मेल उघडतही नाहीत असं वाचलंत आणि वर कथा चोरीला जाईल ही धास्ती. मी याच वाटेने गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एजंटबद्दल तुम्ही वाचलंत ते मुख्यतः अमेरिकेतलं आहे. तिथल्या मोठ्या कंपन्या अनोळखी लेखकाने थेट पाठवलेली संहिता घेत नाहीत, कारण उद्या कुणी ‘माझी कथा ढापली’ म्हणून कोर्टात गेलं तर निस्तरणं त्यांनाच जड जातं. नेटफ्लिक्सनेही एजंटमार्फत किंवा आधीपासून संबंध असलेल्या निर्माता, वकील अशा माणसामार्फतच या, असं जाहीर लिहून ठेवलंय. मराठी सिनेमात मात्र एजंटची पद्धत रुजलेलीच नाही. इथे लेखक निर्मात्यासमोर बसतो आणि अख्खा सिनेमा तोंडी ऐकवतो. त्याला नॅरेशन म्हणतात. तेव्हा एजंट नाही म्हणून तुम्ही मागे पडलात असं अजिबात नाही.

माझी चूक वेगळी होती. पहिल्या वर्षी मी ११८ पानांची पीडीएफ एकोणीस कंपन्यांच्या वेबसाइटवरच्या पत्त्यांवर पाठवली, सगळ्यांना तेच पत्र, ‘आदरणीय महोदय’ म्हणून. एकाचंही उत्तर आलं नाही. पुढे एका कार्यकारी निर्मात्याने कारण सांगितलं. अनोळखी माणसाची पूर्ण संहिता आली तर ती उघडायचीच नाही असं त्यांच्याकडे ठरलेलं होतं, चोरीच्या आरोपाच्या भीतीने. ‘एक पान असतं तर वाचलं असतं,’ असं ते म्हणाले. ज्या भीतीने तुमची झोप उडालीय, ती तिकडच्या माणसालाही असते.

म्हणून आधी ते एक पान तयार करा. वर लॉगलाइन, म्हणजे एका वाक्यात कथा; खाली सिनॉप्सिस, म्हणजे कथेचा सारांश, शेवटासकट. ‘पुढे काय होतं ते पडद्यावरच बघा’ असं लिहू नका. पैसे घालणाऱ्याला शेवट माहीत हवा. माझी पहिली लॉगलाइन होती, ‘एका द्राक्ष बागायतदाराच्या संघर्षाची हृदयस्पर्शी कहाणी’. अशा कहाण्या शंभर असतात. खूप खोडाखोडीनंतर ती अशी झाली: ‘निफाडचा एक बागायतदार ज्या व्यापाऱ्याला बाग देतो, तो माल उचलून पैसे न देता रातोरात पसार होतो, आणि त्या व्यापाऱ्याला घरात आणलेलं असतं बागायतदाराच्याच मुलीने.’ आता यात माणूस आहे, पेच आहे आणि घर फुटायची शक्यता आहे.

या पानासोबतच्या पत्रात आणखी एक गोष्ट लिहा, जी नवे लेखक सहसा लिहीत नाहीत: सिनेमा किती ठिकाणी घडतो, रात्रीचे प्रसंग किती, गर्दी किती. मराठी निर्माता मनात पहिला हिशोब हाच मांडतो. माझ्या पत्रात होतं की सगळी कथा बाग, घर आणि पिंपळगावचा बाजार एवढ्यातच घडते. पुढे भेटीत मला पहिला प्रश्न त्या ओळीवरूनच आला.

पाठवायचं कुणाला? कंपनीला पाठवू नका, माणसाला पाठवा. गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्या जातकुळीचे जे मराठी सिनेमे आले, त्यांची श्रेयनामावली शेवटपर्यंत थांबून वाचा. क्रिएटिव्ह प्रोड्युसर, कार्यकारी निर्माता, सहायक दिग्दर्शक यांची नावं उतरवून घ्या. त्यांचं नेमकं कोणतं काम तुम्हाला भावलं आणि तुमची कथा त्यांनाच का पाठवताय, हे चार ओळींत लिहा. महिन्याने एकदा नम्र आठवण करा, नंतर सोडून द्या. आणि नाशिकची नाट्यमंडळी हाताशी आहेत, त्यांना विसरू नका. कालिदास कलामंदिरात किंवा सायखेडकर नाट्यगृहात एकांकिका करणारी कितीतरी पोरं पुढे मुंबईत मालिकांच्या सेटवर राबतात. माझा दुवा तिथूनच निघाला. एका एकांकिकेला मी प्रकाशयोजना केली होती, तिच्यातला मुलगा सहायक दिग्दर्शक झाला आणि त्याने माझं एक पान पुढे सरकवलं.

नॅरेशनची तयारी मात्र मनापासून करा. मी माझी कथा पहिल्यांदा आत्याला ऐकवली. ती अंगणात बसून मेथी निवडत होती. मध्यंतरापर्यंत तिचे हात चालूच होते. व्यापारी पळाला तिथे थांबले. मी पुढे बापाचं सांगत सुटलो तर म्हणाली, ‘अरे, पण त्या पोरीचं काय झालं?’ पोरगी माझ्या उत्तरार्धात जवळजवळ नव्हतीच. दोन महिने बसून उत्तरार्ध नव्याने लिहिला. हेच मुंबईत कळलं असतं तर ते दार मला बंद झालं असतं. तुम्हीही सिनेमाशी संबंध नसलेल्या चार जणांना ऐकवा. त्यांच्या मताकडे फार लक्ष देऊ नका, त्यांचे हात कुठे थांबतात ते बघा.

भेटीच्या दिवशी मी सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरली, दादरला उतरून लोकलने अंधेरी. इगतपुरीपासून कसारा घाट उतरेपर्यंत दाराजवळ उभं राहून मनातल्या मनात सगळा सिनेमा एकदा म्हणून घेतला. पाऊण तासात कथा सांगता आली पाहिजे, आणि ‘पाचच मिनिटं आहेत’ म्हणाले तर पाच मिनिटांतही.

आता चोरीचं. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो; सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एका नाटककाराच्या खटल्यात हे स्पष्ट केलंय. तुम्ही ती कल्पना ज्या प्रसंगांतून, पात्रांतून, संवादांतून मांडली, त्या मांडणीवर हक्क असतो. म्हणून कुणाला काही पाठवण्याआधी संहिता पूर्ण लिहिलेली आणि नोंदवलेली हवी. अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घ्या. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते आणि वाद झाला तर त्यांची तंटा समिती आहे. पण ही नोंदणी म्हणजे तारखेचा पुरावा, कॉपीराइटचं प्रमाणपत्र नव्हे. ते केंद्र सरकारच्या कॉपीराइट कार्यालयाकडून मिळतं, साहित्यकृतीला शुल्क ५०० रुपये. प्रत्येक मेल आणि कुणाला कधी ऐकवलं ती तारीख जपून ठेवा.

एका कंपनीने मला ‘आपण करतोय’ असं तोंडी सांगून चौदा महिने अडकवून ठेवलं. मी दुसरीकडे गेलो नाही, दिलेल्या शब्दाला जागायचं म्हणून. कायदा मला तेव्हा माहीत नव्हता. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लेखी आणि सही केलेल्या कराराशिवाय हक्क हस्तांतरित होतच नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि एका वर्षात हक्क वापरले नाहीत तर ते परत लेखकाकडे येतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. ते ‘वेगळं’ कुठल्या पानावर लिहिलंय हे शोधा, ‘कायमस्वरूपी’ हा शब्द दिसला तर थांबा आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवा. पहिल्या सहीचे पैसे किती, प्रत्येक ड्राफ्टचे किती, पडद्यावर नाव कसं येणार, हे सगळं लेखी घ्या. याला उद्धटपणा समजणाऱ्या माणसाबरोबर दोन वर्षं काम करता येत नाही.

माझी कथा तिसऱ्या नॅरेशनला घेतली गेली. सध्या पाचवा ड्राफ्ट चालू आहे. वेलीवर मणी भरलेले हवेत, म्हणून शूटिंग फेब्रुवारीत ठरलंय, दिंडोरीकडच्या एका बागेत.