बी रुजत नाही? आधी माती अन् पाणी बघा

ताई, तुम्ही कुंडीत पेरलेलं पहिलं बी कुजलं म्हणून हिरमुसू नका. आपली काळी माती नुसतीच कुंडीत भरली की वर पापडी धरते, कोंब आतच गुदमरतो. त्यात निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत मिसळा. वांगी-मिरचीच्या बियांवर मातीची चिमूट पुरे.

सगळ्यात जास्त रोपं पाण्यानंच मरतात. माती चिमटीत धरून बघा. बोटांना ओल लागली तर थांबा. सतत चिखल राहिला की देठ जमिनीलगत दोऱ्यासारखा बारीक होतो, रोप आडवं पडतं, आणि ते मग उठत नाही. मी अख्खा ट्रे असा गमावलाय.

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा उघड्या गच्चीवर पेरूच नका. मृगाची वाट बघा. मुळा-गाजर थंडीत, थेट कुंडीतच पेरा.