डिस्क ब्रेकचे पॅड घरीच बदलतोय, पण पॅडची पिन गंजून अडकली आहे. कशी काढू?

कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा ब्रेकचा भाग, फोर्कवरून (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरून) उतरवण्याआधीच पिन सैल करा. सुटा कॅलिपर हातात धरून ती हलत नाही. मी माझ्या बाईकचे पॅड असेच बदलतो. पावसाळ्यातला चिखल पिनेच्या डोक्यातल्या सहाकोनी ॲलन खाचेत वाळून बसतो, चावी पूर्ण आत जात नाही आणि खाच गोल होते. म्हणून आधी खाच दाभणाने कोरून काढा, पिनेच्या आट्यांवर डब्ल्यूडी-40 (गंज सैल करणारं स्प्रेचं तेल) सोडून रात्रभर ठेवा, सकाळी चावी हातोडीने ठोकून बसवा आणि एकच जोरदार झटका द्या. डिस्कवर फडकं टाका, तिला तेल लागता कामा नये. गॅसच्या ज्योतीने (ब्लो टॉर्चने) तापवू नका, आतली रबरी सीलं जळतात. खाच आधीच गोल झाली असेल तर मात्र गॅरेजच गाठा. नवे पॅड बसले की लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा, मगच गाडी हलवा.