निवासी संस्थेची पारख

प्रश्न : माझा बौद्धिक दिव्यांग भाऊ चाळिशीचा आहे. आईवडिलांच्या पश्चात त्याला निवासी संस्थेत ठेवायचे झाल्यास तिथली काळजी कशी पारखावी?

उत्तर : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार अशा संस्थेला नोंदणी प्रमाणपत्र अनिवार्य आहे, ते आधी पाहावे. मात्र त्यावरून रोजचे वागणे कळत नाही. ते बहुतांशी व्यवस्थापकावर अवलंबून असते. तो दिवसभर कार्यालयातच बसतो की जेवणाच्या, अंघोळीच्या वेळी रहिवाशांमध्ये वावरतो, नव्या काळजीवाहकाला स्वतः शिकवतो का आणि एखादा रहिवासी चिडला की कर्मचाऱ्यांना आधी कारण शोधायला लावतो की त्याला खोलीत कोंडू देतो, हे निरखावे. काळजीवाहक किती काळ टिकतात, हेही विचारावे. माणसे सतत बदलत असतील, तर न बोलणाऱ्या रहिवाशाची दुखणीखुपणी ओळखणारे कोणी उरत नाही. (भेटीसाठी सजवलेल्या दिवाणखान्याला मी फारसे महत्त्व देत नाही.) भावाला आधी काही दिवस राहून पाहू द्यावे आणि त्याची पसंती विचारावी. भावाचा कायदेशीर पालक नेमण्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये जिल्ह्यातील स्थानिक स्तर समितीकडे आईवडिलांच्या हयातीतच अर्ज करता येतो.