डोळ्यांतून सारखं पाणी येतं, तरी डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे आहेत. १५ वर्षांच्या मुलीला असं होऊ शकतं का?

हो, होऊ शकतं. तुम्ही लिहिलंय की मुलीचे डोळे संध्याकाळी चुरचुरतात, वाचताना अक्षरं मधूनच पुसट होतात आणि वर पाणीही येतं, म्हणून हे निदान पटत नाही. माझ्या मुलाच्या वेळी मीही या पाण्यामुळेच चकले. तो तेव्हा १६ वर्षांचा होता. इतकं पाणी येतंय तर कोरडेपणा कसला, असं म्हणून मी कित्येक महिने घालवले.

डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर कायम असतो. आत चिकट श्लेष्म, मग पाणी आणि सगळ्यांत वर तेलाचा तवंग. हे तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतं आणि पापणी मिटली की डोळ्यावर पसरतं. तवंग विरळ झाला की खालचं पाणी उडून जातं, डोळ्याला झोंबतं आणि मग तो एकदम भरून येतो. पण ते पाणी गालावर ओघळतं, डोळ्यावर टिकत नाही. मधूनच पुसट दिसणं आणि पापण्या मिटल्यावर पुन्हा स्वच्छ दिसणं, हीदेखील याच फाटक्या थराची खूण.

एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनसमोर हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं, आणि मिटली तरी पापणी बरेचदा अर्ध्यावरूनच परतते. मुलगा मोबाईल बघत असताना मी एकदा त्याच्या नकळत मोजलं, तर एका मिनिटात पाच! तुम्हीही मोजून बघा. ‘डोळे कोरडे वाटतात का’ असं विचारून उपयोग होत नाही, मुलं नाहीच म्हणतात. ‘वाळू गेल्यासारखं खुपतं का’ विचारलं की लगेच हो म्हणतात.

सगळा दोष मोबाईलवर टाकू नका. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का? त्यांनी या तेलग्रंथी सुकतात. ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि कॉन्टॅक्ट लेन्सही कारण असू शकतात. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. खाज जास्त असेल तर ॲलर्जीचा संशय घ्यावा, आणि डोळे चोळू तर अजिबात देऊ नये.

आम्हाला खरा उपयोग झाला तो गरम शेकाचा: स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर ५ ते १० मिनिटं, रोज. जोडीला पापण्या पूर्ण मिटायची सवय, स्क्रीन नजरेच्या थोडी खाली आणि पंख्याचा झोत चेहऱ्यावरून बाजूला. कृत्रिम अश्रूंचे थेंब डॉक्टरांनी दिले. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. फरक पडायला काही आठवडे गेले.

एक चूक माझ्याकडून झाली, तुम्ही करू नका. घरात उरलेले जुने थेंब मी त्याला दोन दिवस घातले, आणि नंतर कळलं की त्यात स्टेरॉइड होतं. देखरेखीशिवाय असे थेंब चालू राहिले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो.

डोळा दुखायला लागला, उजेड सोसवेना, नजर कमी झाली किंवा लेन्स वापरत असताना डोळा लाल झाला, तर लेन्स काढून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.